उगमाईचा डावा कौल

एका राज्यात डोंगराच्या कुशीत एक देवराई होती. देवराईत झरा होता आणि झऱ्याकाठी उगमाईची काळ्या पाषाणाची मूर्ती होती. देवीला छप्पर नव्हते, अंगावर दागिना नव्हता. कुणाला काही विचारायचे असले की साळू गुरवीण देवीच्या दोन्ही खांद्यांवर चाफ्याची एकेक कळी लावी. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर खणू का, झाड तोडू का, मुलगी त्या घरी देऊ का? लोक विचारीत आणि मिळेल तो कौल घेऊन मुकाट घरी जात.

राजा धीरकेतू चौदा विद्या शिकला होता, पण मनाने भित्रा होता. देवराईतले साग तोडून महाल बांधावा असे त्याला वाटले. त्याने तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा डावी कळी पडली. तेव्हा हिरण्यदत्त नावाचा मांत्रिक दरबारात आला.

“महाराज, नकार ऐकायला कोण दुरून येतो? देवीला सोन्याचे कवच घाला.”

राजाने सोने दिले. कवच मंतरलेले होते. डावी कळी त्याला चिकटून राही आणि दर वेळी उजवीच पडे.

सात राज्यांत कीर्ती झाली, की ही देवी नाही म्हणत नाही. यात्रा लोटली, बाजार बसला. सोने वाहणाऱ्याला आधी कौल मिळे, बाकीचे उन्हात रांगेत उभे राहत. धर्मशाळांसाठी साग पडले, हारांसाठी चाफे ओरबाडले गेले आणि वाहिलेली फुले झऱ्यात कुजून त्यांचा चिखल झाला. धुपाच्या धुराने पाखरे उडून गेली. दोन भावांनी एकाच शेताचा कौल लावला. दोघांनाही होकार मिळाला आणि दोघांनी एकमेकांची डोकी फोडली.

मग झऱ्याला शाप लागला. पाणी पिणारा पायापासून दगड होऊ लागला. आधी गुरे, मग रांगेतली पोरे, मग राजकन्या कुमुदा.

राजा रोज विचारी, “माझी मुलगी बरी होईल ना?” रोज उजवी कळी पडे. आणि रोज दगड वर चढे: घोटे, गुडघे, कंबर. कौल खोटा म्हणावा तर आशा जाते, खरा म्हणावा तर डोळ्यांदेखत लेक जाते. राजाने पोथ्या उघडल्या. पोथ्यांत दोन्हीकडून आधार सापडला. त्याची झोप उडाली.

एके सकाळी महालाच्या सज्ज्यावर एक म्हातारा धनेश पक्षी येऊन बसला.

“राजा, सागाच्या खोडातली माझी ढोली कुठे आहे?”

“तोडली गेली, पक्षिराज.”

“मग तुझ्याच दारात बसतो. ऐक. ते कवच त्याच्याच हाताने सुटेल, ज्याने तीन नकार ऐकले आणि तिन्ही पाळले.”

नकार मिळावा म्हणून राजाने प्रधानाकडे त्याची पगडी मागितली. प्रधान म्हणाला, “जी महाराज.” सेनापतीकडे तलवार मागितली. तो म्हणाला, “जी महाराज.” साऱ्या दरबारात नकार उरला नव्हता.

तो पायीच निघाला. बाजाराबाहेर साळू गुरवीण राज्यातल्या शेवटच्या चाफ्याखाली बसली होती.

“आजी, दोन कळ्या दे.”

“नाही. फुलू दे त्यांना. राजा असशील तुझ्या घरचा!”

राजामागून आलेला शिपाई तिच्यावर धावला. राजाने त्याला मागे ओढले आणि मान खाली घातली.

पुढे झऱ्याच्या उगमाशी, कपारीत, ओंजळभर निर्मळ पाणी उरले होते. तिथे कासवीण राखण करीत होती.

“माते, माझ्या मुलीसाठी एवढे पाणी दे.”

“नाही. हे नेलेस तर माझी पिले दगड होतील.”

राजाच्या हातात कलश होता. अडवणारे कुणी नव्हते. पाणी हाताशी होते, आणि लेकीच्या छातीपर्यंत दगड चढला होता. राजा कलश घेऊन वाकला. मग रिकामा कलश घेऊन रडत परतला.

“कुमुदा, तुला पालखीतून दुसऱ्या राज्यात नेतो. तिथले पाणी चांगले आहे.”

“नाही, आबासाहेब. रांगेतली सगळी पोरे मावतील एवढी पालखी आहे का तुमच्याकडे?”

राजाने पालखी परत पाठवली आणि तो देवीपुढे गेला. कवचाला हात लावताच बंद सैल झाले. हिरण्यदत्त आडवा आला.

“महाराज, आज निदान होकार तरी आहे. कवच काढल्यावर डावी पडली तर?”

राजाला नेमकी हीच भीती होती. त्याने कवच उतरवले.

साळू पुढे आली. तिच्या हातात दोन कळ्या होत्या. “आता घे. आज तू विचारायला आला आहेस.”

“आई, माझी मुलगी बरी होईल का?”

डावी कळी पडली.

राजा मटकन खाली बसला. हिरण्यदत्त हसला. साळू म्हणाली, “ऊठ, राजा. देवीने नाही म्हटले, तोंड फिरवलेले नाही. पुढचे विचार.”

साळूने पडलेली कळी उचलून पुन्हा लावली. राजाने विचारले, “आई... बाजार उठवला, झरा मोकळा केला, तर?”

दोन्ही कळ्या जागच्या हलल्या नाहीत. मग उजवी कळी सुटली आणि राजाच्या ओंजळीत पडली.

राजा कमरेएवढ्या चिखलात उतरला. “आमच्या पोटाचे काय, महाराज?” दुकानदार ओरडले. “कवच वितळवा आणि वाटून घ्या,” राजा म्हणाला, “पण आधी खाली उतरा. तुमचीही पोरे दगड होताहेत.” एकेक जण उतरला. कुजलेली फुले उपसली, त्यांचे खत करून रोपे लावली. शेवटची पाटी निघाली आणि कपारीतून पाण्याची धार सुटली. ती कुमुदेच्या पावलांवर ओतली तेव्हा आधी करंगळी हलली. पोरे उठली, गुरे हंबरली. हिरण्यदत्ताचा पोपट झाला. तो “होय, होय” म्हणत उडून गेला.

धनेशाला ढोली मिळेल एवढे साग वाढले, तेव्हा म्हातारा राजा कुमुदेला घेऊन देवीपुढे आला.

“आई, झऱ्याला माझ्या नावाच्या पायऱ्या बांधू का?”

डावी कळी तत्काळ पडली. कुमुदा खदखदून हसली. राजाने कळी उचलून पागोट्यात खोवली आणि कितीतरी वर्षांनी निर्धास्त मनाने घरची वाट धरली.

झरा वाहता झाला, कहाणी काठावर थांबली.