भिंगऱ्या आणि बसलेला सर्व्हर

"आण्णा, सर्व्हर बसलाय!"

"बसलाय तर उठव की! पगार कशाचा घेतो तो?"

हे मी बोललो. दूध संघाचा चेअरमन, सोळा वर्षं बिनविरोध, चौथी नापास. पुढं उभी होती सुगंधा लोहार. संघाचं कॉम्प्युटरचं सगळं काम तीच बघते. पोरीनं हसू दाबायला ओढणी तोंडाला लावली.

"माणूस नव्हे आण्णा. मागच्या खोलीतलं ते कपाटाएवढं मशीन. चाळीस गावांत दूध मोजलं की ते त्यातच जातं. जळालं ते. नवं आणायला पाहिजे."

मी किंमत विचारली. मग परत विचारली, कारण मला वाटलं ती ट्रकची सांगतेय.

आता माझी अक्कल बघा. तडक तालुक्याला गेलो आणि दुकानदाराला म्हणालो, "सगळ्यात जोरात पळणारा प्रोसेसर दाखव!" प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू, एवढं ऐकून होतो. त्यानं लॅपटॉप दाखवला. पाच गिगाहर्ट्झ! सर्व्हरचा किती? अडीच! गिगाहर्ट्झ खातात का अंगाला लावतात, देव जाणे. पण अडीचापेक्षा पाच मोठे, हे मी नापास होण्याआधीच शिकलो होतो. लॅपटॉप काखेत मारला, संघात आणला आणि सर्व्हरच्या जागी नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चाळीस गावांत दूध मोजायला एकदम सुरुवात झाली. दहा मिनिटं लॅपटॉप असा पळाला की मी मिशीवर हात फिरवला. मग त्याचा पंखा डासासारखा किंचाळायला लागला. वर पापड भाजला असता, एवढा तापला! आणि थांबला. गावोगाव मोजणी बंद. कॅन उन्हात, बाया रांगेत. नऊपर्यंत तीन गावांचं दूध नासलं.

चेअरमन तर चुकत नाही. मग चूक कुणाची? सुगंधाची!

"तुला चालवता येत नाही!" मी ओरडलो.

"आण्णा, लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळ्या कामाचा असतो. सर्व्हरला—"

"इंग्रजी नको! दोन इंजिनिअर येऊन डोकं खाऊन गेले. आता एकच कर. अडीचवाला पाचवाल्यापेक्षा बरा, हे मला माझ्यासारख्या चौथी नापास माणसाच्या तोंडून ऐकव. त्याला पढवायचं नाही! दिवस मावळायच्या आत ऐकवलंस तर सर्व्हर आणतो. नाहीतर उद्यापासून कामाला येऊ नकोस!"

आमचे मॅनेजर मगदूम हळूच म्हणाले, "आण्णा, चौथी नापास माणूस हल्ली शोधूनही सापडत नाही."

"म्हणून तर!" मी म्हणालो. केवढा हुशार वाटलो मी मला!

संध्याकाळी मी गोठ्यात होतो. भिंगऱ्याला दूध आणि अंडी चारत होतो. भिंगऱ्या म्हणजे माझा शर्यतीचा बैल. पोटच्या पोरांना मी कधी अंडी सोलून दिली नाहीत, पण ते असो. तेवढ्यात सुगंधा आली. बरोबर तिचा बाप तुका लोहार, जो माझ्या बैलांच्या खुरांना पत्री, म्हणजे लोखंडी नाल, मारतो. मागं मगदूम.

"आण्णा, भिंगऱ्याच्या खुरांना जाड पत्री मारायला बाबांना आणलंय," ती म्हणाली. "उद्यापासून कारखान्याला ऊस तोच नेणार ना?"

"कोण म्हणालं?"

"तुमचाच न्याय! सगळ्यात जोरात पळतो तो भिंगऱ्या. मग तुमच्या ऊसगाड्यांच्या बारा बैलजोड्या हव्यात कशाला? बाजारात विकून टाका. ऊस एकटा भिंगऱ्या नेईल!"

माझं टाळकंच फिरलं. "अक्कल गहाण टाकलीस काय गं? हा शर्यतीच्या हलक्या छकड्याचा बैल आहे!"

"का? पळत नाही?"

"वाऱ्यासारखा पळतो! पण शर्यत संपेपर्यंत! मग अंग तापतं, तोंडाला फेस येतो, घागरीनं पाणी मारावं लागतं! पुढं काठी मोडलीस तरी पाऊल टाकणार नाही!"

"आणि गाडीचे बैल? ते तर रेंगाळतात."

"रेंगाळू देत की! एकेकाची चाल निम्मी असेल, पण चोवीस आहेत ते! बारा गाड्या एकदम निघतात आणि दिवसभर थांबत नाहीत!"

"म्हणजे कमी पळणारेच बरे?"

"ओझ्याला तेच बरे! एवढंही कळत नाही? शाळेत शिकलीस का गवत उपटलंस?"

सुगंधा वळली. "मगदूमसाहेब, ऐकलंत? माणूस चौथी नापास, कुणी पढवलेला नाही, इंग्रजीचा एक शब्द नाही. आणि तो बघा दिवस, अजून मावळायचाय!"

माझ्या हातातलं अंडं भिंगऱ्यानं कधी गिळलं, मला कळलंच नाही.

"लॅपटॉपच्या प्रोसेसरात आठ बैल आहेत आण्णा, छकड्याचे," ती हळू आवाजात म्हणाली. "सर्व्हरच्यात चौसष्ट, गाडीचे. आणि लॅपटॉपवर घागर ओतता येत नाही."

मी एवढा हसलो की दुधाची बादली लवंडली. "पोरी, सोळा वर्षं लोक मला पाठीमागं बैल म्हणतात. साक्षीदार आणून सिद्ध करणारी तू पहिली! सर्व्हर उद्या आणतो. बक्षीस काय देऊ, बोल!"

"तुमच्या केबिनमधला एसी."

"तुला उकडतंय?"

"सर्व्हरला उकडतं. अखंड राबणार आहे तो. आणि तो असेल तिथंच माझी खुर्ची लागते."

मी अख्खी केबिनच देऊन टाकली, वर पगारही वाढवला. आता मी गोठ्यातून कारभार बघतो. इथं एक पंखा आहे, पण त्याचं तोंड भिंगऱ्याकडं. भेटायला आलेला माणूस माझ्या जुन्या दारात उभा राहून विचारतो, "चेअरमन कुठं आहेत?"

आतून गार हवेतून सुगंधाचा आवाज येतो, "गोठ्यात बसलेत. उठवू का?"