गाडीला अर्थ मिळेना

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक वस्ताद होता. गाड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच दिवसातून चारदा सांगे. त्याच्या गॅरेजात एक वायरवाली कामाला होती. तिथला रिवाज असा, की वस्तादाने एकदा निदान केलं की कोणी ब्र काढायचा नाही.

एकदा डॉक्टरीणबाई आपली गाडी घेऊन आल्या. गाडी आपोआप गिअर बदलणारी. पण दसऱ्यापासून मधेच झटका देई आणि एकाच गिअरला अडून बसे. घाट काही चढेना. वर वस्तीवर तर दोघींचे दिवस भरत आलेले.

वस्तादाने एक फेरी मारली. "गिअरबॉक्स गेला. खाली उतरवा. महिना लागेल."

वायरवालीने मात्र पाहिलं होतं, की गाडी अडते तेव्हा दिवेही मंदावतात. गिअरबॉक्स बिघडला तर दिव्यांनी का म्हणून डोळे मिटावेत? बोलले तर काम जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती बोललीच.

"वस्ताद, गिअरबॉक्स ठणठणीत आहे. गाडीला अर्थ मिळत नाही."

बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या तारेला गॅरेजात 'अर्थ' म्हणतात.

"तुझ्या बोलण्यालाच अर्थ नाही!" वस्ताद गरजला. सगळे खो खो हसले. "मीटरला हात लावलास तर उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही."

"नाही टाकणार," ती म्हणाली आणि तिने वीज मोजायचा मीटर उचलला.

इंजिन चालू, दिवे चालू. मीटरचं एक टोक तिने बॅटरीच्या उणे बाजूला लावलं, दुसरं पत्र्याला. काटा जागचा हलायला नको होता. तो ताडकन उडाला. तिने बोल्ट काढला, तर तारेखाली काळा कुळकुळीत रंग! खंडेनवमीच्या पूजेला गाडी झळकावी म्हणून वस्तादानेच हौसेने तो मारला होता आणि वरून तार कसली होती. रंगातून वीज जाते होय? आणि वीज पुरी पडली नाही, की गिअर बदलायला सांगणारं यंत्र एकच गिअर धरून बसतं.

तिने रंग खरवडला, पत्रा लख्ख केला, तार घट्ट आवळली. डॉक्टरीणबाईंची गाडी सरसर घाट चढून गेली. दोन्ही बाळंतपणं सुखरूप झाली.

वस्ताद पडला, तरी त्याचं नाक वरच. "चारचौघांत मला खोटं पाडलंस. माफी माग, मग ठेवतो कामावर."

"चुकले असते तर पाया पडले असते, वस्ताद. खरं बोलल्याची माफी मी मागायची नाही."

तिने आपली पेटी उचलली आणि रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान थाटलं. आता गाडी अडली की लोक आधी तिच्याकडे जातात. वस्ताद मात्र अजून सांगत असतो, की तो गिअरबॉक्स गेलेलाच होता.

तात्पर्य: वस्तादाचा मान जरूर राखावा, पण निदान मीटरलाच विचारावं, आणि मीटर खरं सांगत असेल, तर कोणाच्या बापाला भिऊ नये.