एकच लाडू, सगळ्यांना अख्खा!

"लग्नात लाडू एकच! अन् तोही माझ्या कमरेला लागेल एवढा!" राजा संतापराव गरजला.

"लाडू छोटेच! पाहुण्यागणिक एक, हातात, अख्खा!" राणीसाहेब पण हटेनात.

राजकन्येचं लग्न पाच दिवसांवर आलं तरी हे भांडण मिटेना. त्या घराण्याची रीतच तशी होती. लेकीच्या रुखवतात बुंदीचा एकच भलामोठा लाडू मांडायचा आणि तो फोडायचा नाही. लाडू फुटला की संसार फुटतो म्हणे! मग काय, पाहुण्यांनी नुसता बघायचा आणि मुंग्यांनी खायचा.

"वन्संच्या लग्नातला लाडू कुणी चाखला तरी का?" राणीसाहेब म्हणाल्या. "त्यांच्या सासरचे अजून टोमणे मारतात. लाडू दाखवला न् वरणभातावर वाटेला लावलं म्हणतात!"

राजा अडला की दुसऱ्यावर ओरडायचा. त्यानं मुदपाकखान्यातल्या भिकोबा आचाऱ्याला बोलावलं.

"ऐक रे! मांडवात लाडू एकच दिसला पाहिजे. तो फुटता कामा नये. आणि त्यातूनच प्रत्येक पाहुण्याच्या हातात लाडू गेला पाहिजे. अख्खा! तुकडा नको, भुगा नको! नाही जमलं तर मुदपाकखाना सोडायचा अन् गावही सोडायचं!"

भिकोबा तडक घरी आला. त्याची लेक येसू चुलीपाशी बसून खरवड चाटत होती. चौदा वर्षांची पोर, पण तोंड असं की म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही वाट बदलावी! तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आबा, राजाचं डोकं बिनसलंय का?"

"हळू बोल, बये! भिंतीला कान असतात."

"असू देत. भिंतीला पण पटेल."

भिकोबाला हसू येईना. सवयीनं त्यानं कढई चढवली आणि झाऱ्यावर पीठ ओतलं. पण लक्ष सगळं राजाच्या हुकमात; झारा तिरका झाला आणि पिठाचा गोळाच तुपात पडला. बारीक बुंदीच्या मधोमध लिंबाएवढी एक बुंदी फुगून वर आली.

"गेलं! आता साधी बुंदीही पाडता येईना मला!" भिकोबानं कपाळाला हात लावला.

येसू मात्र त्या जाड्या बुंदीकडे बघतच राहिली. मग टुणकन उठली. "आबा, उद्यापासून तुम्ही माझ्या हाताखाली! काय विचारायचं नाही!"

लग्नाच्या दिवशी मांडवात लाडू आला. आठ गडी परात उचलून घामाघूम झालेले! मागोमाग भिकोबा आणि येसू. लाडू गोल, पिवळाधमक, राजाच्या कमरेएवढा. राजानं मिशीला पीळ दिला. मग जवळ जाऊन वाकून बघितलं आणि एकदम भडकला.

"अगं ए पोरी! हे तर छोटे छोटे लाडू पाकात चिकटवलेत! हा लाडू आहे की लाडवांचा ढीग?"

येसूनं पदर खोचला.

"महाराज, बुंदीचा लाडू कशाचा असतो?"

"बुंदीचा! एवढंही कळत नाही का मला?"

"मग त्याला बुंदीचा ढीग म्हणता का?"

"नाही... लाडूच म्हणतो."

"हा पण लाडूच. राजाचा लाडू केवढा थोरला! त्याला मोहरीएवढी बुंदी शोभेल का? म्हणून बुंदी जरा जाडी पाडली!"

वऱ्हाडी खो खो हसले. तोवर येसूनं वरून एकेक 'बुंदी' काढून सगळ्यांच्या हातात ठेवायला सुरुवातही केली. बघता बघता परात रिकामी!

"थांब!" राजा ओरडला. "रीत मोडलीस! लाडू फुटला!"

"फुटला कुठं, महाराज? संपला!"

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. राजा चिडून लाल झाला, पण हरायची सवय नव्हती ना!

"बरं, ती बुंदी होती म्हणतेस. मग पाहुण्यांना बुंदी मिळाली. लाडू कुठं मिळाला? सापडलीस की नाही!"

भिकोबानं डोळे मिटले. येसूनं बोहल्यावरच्या राजकन्येकडे बोट केलं.

"महाराज, ताईसाहेब सकाळी कोण होत्या?"

"माझी लेक!"

"अन् आता?"

"आता... व्याह्यांची सून."

"माणूस बदललं का? नाही ना! इथं होत्या तोवर लेक, तिथं गेल्या की सून. तसंच हे! परातीत होती तोवर बुंदी, हातात आली की लाडू!"

आधी राजाचं पोट हललं, आणि मग तो असा हसला की फेटा सुटून खांद्यावर आला! त्यानं फेट्यातला मोत्यांचा तुरा उपटून येसूच्या वेणीत खोवला.

"भिकोबा, मुदपाकखाना जन्मभर तुझा! आणि तुझ्यावर हुकूम हिचा!"

"तो तर आधीपासूनच आहे, महाराज," भिकोबा डोळे पुसत म्हणाला.

"आता मला काहीतरी द्या रे! सगळ्यांनी खाल्लं, मीच उपाशी!" राजा म्हणाला.

येसूनं ओच्यातून एक लाडू काढून पुढं केला. "घ्या. पण महाराज, हा तुम्हाला फोडूनच खावा लागेल, तोंडात मावायचा नाही!"