चुंबळीतलं भोक

भांडी एकमेकांना जाब विचारत, त्या काळची गोष्ट. एका ओट्यावर पाण्याने भरलेला डेरा होता, आणि त्याच्या गोल बुडाखाली जुन्या धोतराची गोल वळलेली चुंबळ होती.

एके दुपारी डेऱ्याने खाली पाहिलं आणि तो हबकला. "अगं, तुझ्या मधोमध तर काहीच नाही. एवढा भरलेला मी, आणि उभा या भोकावर? चिंध्या कोंब त्यात."

"नाही कोंबणार," चुंबळ म्हणाली.

"मग मी तुझ्यावर बसणार नाही. मला भक्कम आधार हवा."

"जा की. फरशी काही लांब नाही."

डेरा तोऱ्यात फरशीवर उतरला. फरशी काळ्या दगडाची, सपाट, कुठे खळगासुद्धा नाही. तो डावीकडे कलंडला, सावरायला गेला तर उजवीकडे. निम्मं पाणी सांडल्यावर मात्र तो काकुळतीला आला.

"चुंबळबाई, सरक ना जवळ. पण निदान मूठभर चिंध्या..."

"सरकते," चुंबळ म्हणाली. "चिंधी एकही कोंबणार नाही. बसायचं तर या भोकावरच बस."

डेरा मुकाट्याने बसला. आणि मग तसूभरही हलला नाही.