अर्ध्या शेल्याचा अंतरपाट

फार पूर्वी गोदेकाठच्या प्रतिष्ठान नगरीवर एक न्यायी राजा राज्य करीत होता. तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या विणकरांच्या आळीत जन्माला आला होता. नाव तंतुपाल. त्याची भाची उत्पला हिचे लग्न ठरले आणि पुढच्याच महिन्यात पोरीला देवी आल्या. जीव वाचला, पण चेहरा वणांनी भरला. नवरा मुलगा सुमेध परगावचा. त्याला याचा पत्ताच नव्हता.

लग्नाच्या सकाळी उत्पलेची आई तिला घेऊन धावत भावाकडे आली. "दादा, मी हिचा पदर हनुवटीपर्यंत ओढून देते. एकदाची सप्तपदी होऊ दे, मग कोण काय करणार आहे?"

"आणि उद्या पदर वर केल्यावर?"

"उद्याचं उद्या बघू!"

आता आईच ती, तिला नावे कोण ठेवणार? उत्पला कोपऱ्यात बसून सारे ऐकत होती. वऱ्हाड माघारी गेले तर आळीत तोंड दाखवता येणार नाही, हे तिला कळत होते. फसवून लग्न लागले तर नवऱ्याला तोंड दाखवता येणार नाही, हेही कळत होते. तिला रडूसुद्धा येईना.

तंतुपालाच्या मागावर नवरदेवाचा शेला अर्धाच विणून झाला होता. त्याने तो तसाच कापून घेतला.

"दादा, डोकं फिरलं का तुझं?" बहीण किंचाळली.

मंडपात त्याने वधूवरांना समोरासमोर उभे केले आणि दोघा शेजाऱ्यांना तो तुकडा मध्ये धरायला लावला. मग पोरीच्या आजारपणाचे खरे ते सांगून टाकले. "सुमेधा, जायचं असेल तर आत्ताच जा. मध्ये कापड आहे, तुझं तोंड तिला दिसणार नाही. उत्पले, तुलाही विचारतोय हो, तुला जायचंय का?"

असे तिला आजवर कुणी विचारले नव्हते. ती जागची हलली नाही, पण तिचा हात मागे आधार शोधू लागला. तसा मामा तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला.

कापड तोकडे होते. खालून तिला सुमेधाचे पाय दिसत होते. पलीकडे कुजबुज झाली, कुणीतरी ताडकन उठले, कांकणे वाजत दूर गेली. मग ते पायही वळले आणि गेले.

"संपलं, मामा," उत्पला पुटपुटली.

मामा तिच्यामागून बाजूला झाला नाही. पाहुण्यांच्या मुठीत केव्हाचे तांदूळ होते. टाकावेत की ठेवावेत, कुणाला कळेना.

थोड्या वेळाने पाय परत आले. आता ते चार होते.

"आई रागावून निघाली होती, तिला घेऊन आलोय," सुमेध पलीकडून म्हणाला. "मामा, कापड खाली घ्या."

कापड खाली आले. सासू सुनेच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"माझ्या बहिणीलाही आल्या होत्या," ती म्हणाली. "ती राहिली नाही गं."

आणि पहिली मूठ तिनेच टाकली.

तेव्हापासून त्या आळीत लग्नाला मध्ये कापड धरू लागले आणि मामा भाचीच्या मागे उभा राहू लागला. पुढे लोक कारण विसरले.

ही कथा सांगून शास्ता भगवान जेतवन विहारातल्या आपल्या भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा सुमेध म्हणजे दारात उभ्या असलेल्या भिक्षुणीला आत्ता पाणी देऊन आलेला हा भिक्षू. मामा मी होतो. आणि उत्पला म्हणजे तीच भिक्षुणी, जिच्या वणांनी भरलेल्या चेहऱ्याकडे पाहायचे तुम्ही सकाळपासून टाळता आहात. त्या जन्मी मी पाळली ती सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."

भिक्षूंनी माना वर केल्या आणि तिच्याकडे पाहिले.