एल्डर टॅगर्ट आणि तांबट आळीची दारं

सातासमुद्रापलीकडे, बटाटे फार पिकतात अशा एका अमेरिकन गावात एक भोळा मुलगा होता. त्याचं नाव ओरिन टॅगर्ट. भोळा म्हणजे किती? शेजारी म्हणाला, "जरा गायीवर नजर ठेव." ह्यानं इतकी नजर ठेवली की गायच लाजून गोठ्यात जाऊन बसली.

त्याच्या घरचे मॉर्मन पंथाचे. त्यांच्यातले तरुण दोन वर्षं परमुलखात जातात आणि दारोदार फिरून आपल्या धर्माची माहिती सांगतात. अशा मुलाला ते एल्डर म्हणतात, म्हणजे वडीलधारा. ओरिनला अजून धड मिशी फुटली नव्हती. तरी तो एल्डर टॅगर्ट झाला आणि थेट आपल्याकडे आला. तालुक्याच्या गावी, तांबट आळीत.

निघताना आई म्हणाली, "लोक दारं उघडणार नाहीत. धीर सोडू नकोस, वाजवत राहा. आणि हा कोट काढू नकोस, तुला शोभतो."

त्यानं कोट काढला नाही. चांगला काळा, लोकरीचा. एप्रिल महिन्यात. झोपतानासुद्धा.

ह्या लोकांत एकट्यानं हिंडत नाहीत, जोडीनं हिंडतात. टॅगर्टचा जोडीदार होता नगरकडचा सुगंध भिंगारदिवे. वयानं थोडा मोठा, अकलेनं बराच मोठा. त्यानंच टॅगर्टला मराठी शिकवलं. पण भिंगारदिवे खचला होता. टॅगर्ट येण्याआधीपासून तो ह्या आळीत फिरत होता आणि एकाही माणसानं त्याचं पुरतं वाक्य ऐकून घेतलं नव्हतं. त्यात मिशनच्या अध्यक्षांचा फोन आला होता. ते येऊन बघणार होते. कुणी ऐकायलाच येत नसेल तर दोघं राहायचे आणि सभा घ्यायचे ती वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली बंद, आणि दोघांची रवानगी वेगवेगळ्या गावी.

"माझ्या तोंडावर दार आपटलं रे," भिंगारदिवे म्हणायचा.

"हो, पण आपटायच्या आधी त्यांनी आपल्याकडे बघितलं," टॅगर्ट म्हणायचा.

मराठी शिकून दारं वाजवायला निघाला त्या पहिल्याच दिवशी टॅगर्टला एक बंद दार दिसलं. त्यानं वाजवलं. उघडेना. आई म्हणाली होती वाजवत राहा. तो वाजवत राहिला.

आतून आवाज आला, "आहे हो!"

टॅगर्ट हरखला. आळीत पहिल्यांदाच कुणीतरी आतून उत्तर दिलं होतं. त्यानं आणखी जोरात वाजवलं. "मला तुमच्याशीच बोलायचंय!"

"अहो, आहे म्हणतोय ना! जरा दम धरा!"

"तुम्ही सावकाश या. मी इथंच आहे!"

भिंगारदिवे धावत आला आणि त्याला ओढत घेऊन गेला. तो नगरपालिकेचा संडास होता.

भिंगारदिव्यानं कपाळाला हात लावला. "अरे, नुसतं वाजवत राहायचं नसतं. आतला माणूस काय सांगतो ते ऐकायचं आणि तसंच करायचं."

"आता समजलं," टॅगर्ट म्हणाला.

पुढचं दार अप्पा खरसुंदीकरांचं. अप्पांनी दार बोटभर उघडलं आणि म्हणाले, "आज वेळ नाही. उद्या या."

टॅगर्ट दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायला हजर. "आलो."

"आता नाही हो. उद्या या."

तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. अप्पा दात घासत होते. ते तसेच ब्रशासकट आत पळाले आणि आतून ओरडले, "उद्या!"

टॅगर्ट खोलीवर नाचत आला. "एल्डर भिंगारदिवे, अप्पा फार प्रेमळ आहेत. मला रोज बोलावतात!"

शेवटी अप्पा पाण्याच्या टाकीमागे लपायला लागले. तेव्हा त्यांच्या सूनबाई येऊन भिंगारदिव्याला म्हणाल्या, "अहो, ह्या गोऱ्या बाळाला जरा आवरा. मामंजींना टाकीमागच्या ओलीनं शिंका लागल्यात."

भिंगारदिव्यानं कपाळाला हात लावला. "अरे, आपल्याकडे 'उद्या या' म्हणजे येऊच नका. उद्या म्हटलं की समजायचं, कधीच नाही."

"आता समजलं," टॅगर्ट म्हणाला.

त्याच संध्याकाळी नळावर शेवंताबाई लोखंडे भेटल्या. टॅगर्टनं त्यांचा हंडा उचलून घरी पोचवला होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्या नातीचं बारसं आहे. उद्या दोघं जेवायला या."

टॅगर्टला फार वाईट वाटलं. चांगल्या घरच्या बाई, आणि तोंडावर 'कधीच येऊ नका' म्हणाल्या. पण तो हसून "बरं" म्हणाला आणि घरी येऊन कुणाला काही बोलला नाही.

तिकडे शेवंताबाईंनी पुरणपोळ्या केल्या. कटाची आमटी केली. दोन पाट मांडून त्या दाराशी उभ्या राहिल्या. वाट बघून बघून पाहुण्यांना वाढलं आणि दुसऱ्या दिवशी भिंगारदिव्याला रस्त्यात गाठलं.

"गरिबाघरचं चालत नाही का तुम्हाला?"

आळीत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून बोलावलं होतं, आणि हे गेलेच नव्हते. भिंगारदिवे मटकन पायरीवर बसला. कपाळाला हात लावायचंसुद्धा त्याला सुचेना, ते त्यानं थोड्या वेळानं केलं.

"अरे बाबा, पान मांडून कुणी 'या' म्हणत असलं की जायचं! बसायचं आणि पानातलं सगळं संपवायचं. शीत ठेवायचं नाही. नाहीतर माणसं दुखावतात."

"आता समजलं," टॅगर्ट म्हणाला. "सगळं संपवायचं."

पुढच्याच आठवड्यात गोदूताई वाळवेकरांकडे तात्यांचं वर्षश्राद्ध होतं. तात्या म्हणजे त्यांचे यजमान. अंगणाच्या भिंतीवर केळीच्या पानावर सगळा स्वयंपाक वाढून ठेवला होता. घरची मंडळी हात जोडून उभी होती आणि कावळा काही येत नव्हता. ऊन चढलं. पोरं भुकेनं रडायला लागली. कावळा शिवल्याशिवाय कुणाला जेवता येईना.

गोदूताईंचा मुलगा विनायक आभाळाकडे बघून म्हणत होता, "या, तात्या, या! तुमचा रेडिओ विकणार नाही, या! आईला एकटं ठेवणार नाही, या!"

भिंगारदिवे वाण्याकडे थांबला होता आणि टॅगर्ट रस्त्यानं पुढे चालला होता. बघतो तर पान मांडलेलं. माणसं हात जोडून 'या, या' म्हणतायत. आणि इतकं बोलावूनही कुणी जात नाही. त्याला त्या लोकांची दया आली.

"आलो!" तो म्हणाला. टुणकन भिंतीवर चढून बसला आणि जेवायला लागला.

वरण-भात खाल्ला. वडे खाल्ले. आमसुलाची चटणी चाटली. खिरीच्या वेळी त्यानं पान उचलून तोंडाला लावलं. सगळं संपवून तो हात जोडून म्हणाला, "फार छान झालंय. आणखी थोडी खीर असेल तर बघा."

विनायकचा चेहरा लालबुंद झाला. भटजी पोथी छातीशी धरून दोन पावलं मागे सरकले.

तेवढ्यात गोदूताई खुदकन हसल्या. वर्षभरात त्या हसल्या नव्हत्या.

"आई?" विनायक घाबरला.

"अरे, खीर दुसऱ्यांदा मागायची सवय तुझ्या वडिलांनाच होती," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "वाढ त्याला."

"पण आई, हा कावळा नाही!"

"काळा तर आहे," गोदूताई कोटाकडे बघून म्हणाल्या. "वाढ म्हणते ना!"

भटजींनी बराच विचार केला. त्यांनाही भूक लागलीच होती. मंडळी पानावर बसली.

पण संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आळीभर झाली. जो तो पोट धरून हसत होता. भिंगारदिवे खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला.

"आता कुठल्या तोंडानं दारं वाजवायची?" तो म्हणाला.

"ह्याच," टॅगर्ट म्हणाला. "माझ्याकडे दुसरं नाही."

भिंगारदिव्याला रडू यायच्या बेतात होतं, त्याऐवजी हसू आलं. मग टॅगर्ट हळूच म्हणाला, "मी घरी परत जाऊ का? माझ्यामुळे तुमची खोली जाईल."

"गप्प बस," भिंगारदिवे म्हणाला. "तू आल्यापासून निदान लोक आपल्याबद्दल बोलायला तरी लागले. फक्त आता एवढं ध्यानात ठेव. 'या' म्हणायचं काम आपलं. कुणी आपल्या दारात येऊन 'येते' म्हणालं तर तोंड भरून 'या' म्हणायचं आणि बसवून घ्यायचं."

"आता समजलं," टॅगर्ट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगारदिवे कपडे धुवायला गेला आणि खोलीचं दार वाजलं. दारात गोदूताई! हातात ताकाची कळशी.

"येते रे आत," त्या म्हणाल्या.

"या!" टॅगर्टनं त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यानं त्याच्या देवाबद्दल सांगितलं, त्याच्या आईबद्दल सांगितलं, रविवारी येणाऱ्या साहेबांबद्दल सांगितलं, बटाट्यांबद्दल जरा जास्तच सांगितलं. माणूस मेल्यावरही घरची माणसं एकमेकांची राहतात, असं आमच्यात मानतात, हेही सांगितलं. ते ऐकून गोदूताईंनी कळशीतलं ताक त्याला पेल्यात ओतून दिलं. मग उठल्या.

"धर्म माझा मला आहे बाळा. पण बोललास गोड. बरं, येते हं मी."

"या!" टॅगर्ट म्हणाला आणि त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवलं.

"अरे, येते म्हटलं."

"या, या!" त्यानं खुर्ची आणखी आत ओढली.

कपडे वाळवून भिंगारदिवे परत आला तेव्हा गोदूताईंना बटाट्याच्या सगळ्या जाती पाठ झाल्या होत्या.

भिंगारदिव्यानं कपाळाला हात लावला. "अरे, आपल्याकडे निघतानासुद्धा 'येते' म्हणतात! 'येते', 'येऊ का', असं कुणी म्हणालं की हात जोडायचे, 'सावकाश जा' म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं."

"आता समजलं," टॅगर्ट म्हणाला.

रविवारी मिशनचे अध्यक्ष आले. खोली रिकामी होती. त्यांनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा भिंतीवरच्या ओलीकडे बघितलं. भिंगारदिवे शेजारून खुर्च्या आणतो म्हणून खाली गेला. खुर्च्या कुणासाठी, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

आणि जिन्यावर पावलं वाजली. गोदूताईंनी घरोघर सांगितलं होतं की पोराचे साहेब येणार आहेत, सगळ्यांनी जायचं. दार वाजलं. टॅगर्टनं उघडलं. बाहेर अख्खी तांबट आळी! पुढे अप्पा खरसुंदीकर, धुतलेला शर्ट घालून. मागे नातीला घेतलेल्या शेवंताबाई. विनायक, गोदूताई, भटजीसुद्धा.

अप्पा घसा साफ करून म्हणाले, "येऊ का?"

टॅगर्टनं हात जोडले. "सावकाश जा," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

"कोण होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"सगळी आळी होती," टॅगर्ट आनंदानं म्हणाला. "निघाली."

खाली भिंगारदिवे डोक्यावर खुर्च्या घेऊन येत होता. समोरून आळी एकेक पायरी उतरत होती.

"अहो, कुठं निघालात?"

"ते सावकाश जा म्हणाले," अप्पा म्हणाले. "म्हणून सावकाश चाललोय."

भिंगारदिवे खुर्च्यांसकट वर धावला आणि लाथेनं दार वाजवलं. टॅगर्टनं उघडलं.

"अरे, येऊ का आम्ही?" भिंगारदिवे धापा टाकत ओरडला.

टॅगर्टचे डोळे भरून आले. "एल्डर भिंगारदिवे, तुम्हीसुद्धा निघालात?" त्यानं त्याला कडकडून मिठी मारली. "सावकाश जा." आणि दार लावून घेतलं.

जिन्यात असा हशा उठला की अध्यक्ष उठून खिडकीशी गेले. पायऱ्यांवर, ओट्यावर, रस्त्यावर माणसंच माणसं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"टॅगर्ट," ते म्हणाले, "दार उघड. 'येऊ का' म्हणणाऱ्या प्रत्येकाला आत घे. एकालाही सोडू नकोस."

"आता समजलं," टॅगर्ट म्हणाला.

आळी आत आली. कुणी खुर्चीवर, कुणी सतरंजीवर, पोरं खिडकीत. टॅगर्टनं हात हलवत हलवत त्याचं सगळं सांगितलं. धर्म कुणी बदलला नाही, पण ऐकलं सगळ्यांनी, शेवटच्या वाक्यापर्यंत. भिंगारदिवे मागे उभा राहून सारखं नाक पुसत होता. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "ही खोली बंद होणार नाही. मी प्रवासात असलो तरी मन इथंच राहील. आता माझी गाडी आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "छान झालं बुवा. बरं, येऊ का?"

टॅगर्टनं कडी लावली, वरची खिटी लावली आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला.

"या, अप्पा," तो म्हणाला. "बसा."

अध्यक्षांची गाडी त्यांच्याशिवायच गेली. उन्हं कलली. शेवंताबाई खिडकीतून वाकून रस्त्यावरच्या माणसाला ओरडल्या, "ओ दादा, माझ्या घरात शिरा आणि भाताच्या कुकरखालचा गॅस तेवढा बंद करा! आम्हाला आत घेतलंय!"