वीतभर सायलेन्सर

"इथून कापू ना, वस्ताद?"

सुयोगने कार्बन फायबरच्या सायलेन्सरवर वीत ठेवली होती. अंगठा शेपटाच्या फुटक्या कडेवर, करंगळी जवळजवळ मधोमध.

दिलावर वस्तादांनी वर पाहिलं नाही. मलकापुरातल्या आपल्या घराच्या पडवीत बसून ते बशीत चहा ओतत होते. एके काळी डोंगरातल्या मोटरसायकल शर्यतींत त्यांचं नाव होतं. आता गुडघे गेले, पण घाटात गाडी शिकायची तर पोरं अजून त्यांच्याकडेच येतात. सुयोग त्यांतला सगळ्यात तयार. हे त्याला स्वतःलाही जरा जास्तच ठाऊक होतं.

"वीतभर?"

"हो. लांब होता म्हणून तर टेकला. उजव्या वळणात गाडी वाकवली, सायलेन्सर रस्त्याला लागला, मागचं चाक उचललं आणि मी पडलो. आता असा कापतो की पुन्हा कधी टेकायलाच नको."

ही हकिकत त्याने साखरप्यात घरोघर सांगितली होती. इतक्या वेळा, की ऐकणाऱ्यांनाही त्या सायलेन्सरचा राग येऊ लागला होता.

"गाडी कुठाय?"

"घरी."

"मग आलास कशानं?"

"एसटीनं. हा पोत्यात घालून मांडीवर घेतला."

वस्तादांनी बशी तोंडाला लावली. साखरप्याहून मलकापूरला येणारी एसटी आंबा घाटातूनच वर चढते.

"ते वळण आलं, तवा?"

सुयोग सायलेन्सरच्या फुटक्या कडेवरून अंगठा फिरवू लागला.

"डोळे मिटले," तो म्हणाला.

पडला त्याला दोन महिने झाले होते. खांदा बरा झाला, खरचटलेलं भरून आलं, पण गाडीवर तो बसला नव्हता. जो पोरगा निव्वळ चहा प्यायला घाट चढून यायचा, तो आता स्वतःच्या अंगणातल्या गाडीला वळसा घालून बाहेर पडत होता. त्याला भीती बसली होती. आणि ती कधी जाणारच नाही, याची त्याहून मोठी भीती बसली होती.

"आण इकडं."

वस्तादांनी सायलेन्सर मांडीवर आडवा घेतला. सुयोगचं बोट धरलं.

"मीट डोळं. एसटीत मिटलंस तसं."

त्यांनी ते बोट सायलेन्सरच्या पोटावरून, खालच्या अंगाने, पार टोकापर्यंत फिरवलं. कुठे अडलं नाही. मग तेच बोट बाहेरच्या कुशीवर नेलं. तिथे सगळं खरबरीत, आडव्या ओरखड्यांनी भरलेलं.

"गाडी वाकली की कुठलं अंग टेकतंय?"

"...खालचं."

"आणि आडवी पडून घसरत गेली की?"

सुयोगने डोळे उघडले नाहीत.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण वस्तादांनाही येत होती. त्यांनी ती वापरली नाही.

"ब्रेक दाबला मी," सुयोग म्हणाला. "भर वळणात. समोर कोणी नव्हतं, काही नव्हतं. उगीच दाबला."

"हं. दाबतोय माणूस."

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"मग कापायचा नाही?"

"फुटलाय न्हवं? कापाय तर लागंलच."

"किती?"

वस्तादांनी चिकटपट्टीचं रीळ त्याच्यापुढे टाकलं आणि दुसरा चहा सांगायला आत गेले.

ते परत आले तेव्हा सुयोगने वीतभर अंतरावर पट्टीचा एक वेढा घातला होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा तर पेलाच फेकायला निघाला होता. वस्ताद बघत उभे राहिले. सुयोगने वेढ्यावरून हात फिरवला. थांबला. मग पट्टी सोलून काढली आणि फुटक्या कडेपासून दोन बोटांवर, जिथे कार्बनचे धागे शाबूत होते तिथे, नव्याने गुंडाळली.

वस्तादांनी खाटेवर बसून चहा प्यायला.

सुयोगने सायलेन्सरच्या शेपटाला झाकणाऱ्या टोपीचे रिवेट ड्रिलने काढले. टोपी उतरवली. आतला, आवाज दाबणारा काचेचा कापूस हातमोजे घालून ओढून काढला. नाकाला फडकं बांधलं. बारीक दात्याचं पातं हॅक्सॉला लावलं, कापायच्या जागी पाणी सोडलं, म्हणजे काळी धूळ उडू नये. सुयोगला हे सगळं येत होतं. आणि येत होतं म्हणूनच त्याने करवत सरळ वरून खाली लोटायला सुरुवात केली. तिसऱ्या झटक्याला कडेचा एक धागा उसवून वर आला.

वस्तादांचा हात त्याच्या मनगटावर पडला.

"आरपार जाऊ नको. फिरव त्येला. सगळीकडनं थोडं थोडं."

लोखंड असतं तर चुकलं तरी वेल्डिंग करून जोडता आलं असतं. कार्बन कापला की कापला. सुयोगने सायलेन्सर फिरवत, पट्टीच्या वरूनच चहूबाजूंनी खाच पाडली, मग ती हळूहळू खोल केली. धुळीचा काळा ओघळ पडवीतून अंगणात गेला. शेवटी ते फुटकं कडं अलगद त्याच्या हातात आलं. कड घासून गुळगुळीत केली, तिला रेझिनचा हात दिला, ती वाळू दिली.

त्याला हायसं वाटलं. टोपी उचलून तो बसवू लागला.

टोपी बसेना.

त्याने दाबून पाहिलं, तळहाताने ठोकून पाहिलं, ती दोन बोटं बाहेरच राहिली.

"बाहीरचं कापलंस," वस्ताद म्हणाले. "आतलं?"

सुयोगने वाकून पाहिलं. मधली जाळीची नळी होती तेवढीच होती, अंधारातून टोक काढून बसलेली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तो मोकळेपणी हसला.

नळीही दोन बोटं कापली. कापूस पुन्हा भरला. टोपी बसली, रिवेट बसले. ऊन अंगणात निम्म्यावर आलं होतं.

सुयोगने सायलेन्सर फडक्याने पुसला.

"उद्या टेम्पोत घालून गाडी आणतो, वस्ताद. इथंच बसवू."

"टेम्पोतल्या गाडीला सायलेन्सर कशाला लागतोय?"

पुसलेलाच सायलेन्सर सुयोगने पुन्हा एकदा पुसला. मग तो पोत्यात घातला आणि पोत्याचं तोंड बांधलं.

"घरीच बसवतो. सकाळी येतो. गाडीवर."

"ये."

तो पायरी उतरला, पण अंगणात थांबला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"वस्ताद... वळणात पुन्हा पडलो तर?"

वस्तादांनी त्याच्या काखेतल्या पोत्याकडे पाहिलं.

"तर घिऊन ये की. अजून लई लांब हाय त्यो."